वहीत नाव नसलेले पूर्वज

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या पांढुर्ण्यात गोटमार असते. अलीकडे पांढुर्णा, पलीकडे सावरगाव आणि मधून जाम नदी. नदीच्या मधोमध पळसाचं झाड रोवतात, त्याला झेंडा बांधतात आणि मग दोन्ही काठांवरून दगड सुरू होतात. दर वर्षी शेकडो लोक जखमी होतात. माणसं मेलीही आहेत. शेवटी झेंडा चंडीमातेच्या देवळात जातो आणि दोन्ही गावं आपापल्या घरी जातात. लग्न होऊन मी इथं आले तेव्हापासून त्या दिवशी आमच्या घराच्या रस्त्याकडच्या खिडक्या बंद असतात.

माझं माहेर सौंसरचं. गोटमारीची गोष्ट मी तिथंच, आजीकडून ऐकली. या जत्रेच्या मागच्या गोष्टी दोन-तीन सांगतात, पण लोकांच्या तोंडी आहे ती एकच. पांढुर्ण्याचा मुलगा, सावरगावची मुलगी. दोघांचं जमलं, घरच्यांना मंजूर नव्हतं, म्हणून पळून निघाले. नदीच्या मध्यावर आले तेव्हा दोन्ही गावांना कळलं. इकडून दगड, तिकडून दगड. दोघंही तिथंच गेली.

मी आजीला विचारलं होतं, "आणि पार झाली असती तर?"

आजी तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "पार झाली असती तर गोष्ट कशाला राहिली असती, बाई? पोरंबाळं झाली असती."

आजीच्या या बोलण्यात इतिहासाची एक मोठी अडचण सांगितलेली आहे, हे कळायला मला पन्नाशी ओलांडावी लागली. बी. ए.ला माझा इतिहास होता, पण तिथं आम्ही लढाया आणि सनावळ्याच पाठ केल्या. जिथं दगड पडले तिथली नोंद राहते. जी माणसं गुपचूप नदी ओलांडून गेली, त्यांची नोंद कुठंच नसते. त्यांची फक्त मुलं असतात.

मागच्या वर्षी माहेरी वंशावळ छापायचं ठरलं. चुलतभावानं जुन्या वह्या काढल्या, फोन करून करून नावं गोळा केली, लेकी-जावयांची नावंसुद्धा घातली. तू लिहितेस, तर प्रस्तावना तूच लिही, असं मला सांगितलं. कच्चा मसुदा आला तो मी बोट ठेवून वाचला. आजोबांच्या खाली चार मुलं होती, दोन मुली होत्या. मुली तीन होत्या. सगळ्यांत धाकटी आत्या नव्हती.

ती नागपूरला शिकायला गेली आणि तिथंच तिनं दुसऱ्या समाजातल्या मुलाशी लग्न केलं. मी तेव्हा सात-आठ वर्षांची होते. आजोबांनी तिच्या नावानं अंघोळ केली, एवढं मला आठवतं. बादलीभर पाणी, आणि त्यानंतर घरात ते नाव कोणी घेतलं नाही. आत्या जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

मी भावाला विचारलं. तो म्हणाला, "अगं, वहीत नावच नाही, तर मी कुठून घालू?"

प्रस्तावना काही सुचेना. त्याच दिवसांत मी निअँडरथल माणसाबद्दल वाचत होते. आधी विरंगुळा म्हणून, मग मात्र हातातलं काम टाकून.

जर्मनीत ड्युसेलडॉर्फ शहराजवळ निअँडर नावाचं एक खोरं आहे. तिथं १८५६ साली चुनखडीच्या खाणीत काम करणाऱ्यांना एका गुहेत हाडं सापडली. अस्वलाची असतील असं त्यांना वाटलं. ती एका शाळामास्तरांकडे गेली, योहान फुलरोट त्यांचं नाव. त्यांनी पाहिलं, की हाडं माणसाचीच आहेत, पण आपल्यासारख्या माणसाची नाहीत. कवटी लांबट, भुवयांच्या जागी हाडाचा जाड कंगोरा, हातापायांची हाडं दणकट. १८६४ मध्ये विल्यम किंग यांनी या माणसाला वेगळी जात ठरवून 'निअँडरथल' हे नाव दिलं. गंमत अशी, की त्या खोऱ्याला ज्या धर्मगुरूचं नाव पडलं होतं त्याचं आडनाव निअँडर, आणि ग्रीक भाषेत त्याचा अर्थ 'नवा माणूस'.

या जुन्या 'नव्या माणसा'ची पुढं फार बदनामी झाली. १९०८ साली फ्रान्समध्ये एका म्हाताऱ्या निअँडरथलचा सांगाडा सापडला. मार्सेलाँ बूल या विद्वानानं त्यावरून चित्र उभं केलं ते वाकलेल्या, गुडघ्यात दुमडून चालणाऱ्या, अर्ध्या वानराचं. पाठ्यपुस्तकांतून तेच चित्र फिरलं. १९५७ मध्ये पुन्हा तपासणी झाली तेव्हा कळलं, की त्या बिचाऱ्याला सांधेवात होता. आमच्या सासूबाईंचा सांगाडा पाहून कोणी सगळ्या पांढुर्ण्याला कुबडं ठरवावं, तसलाच हा प्रकार.

त्याच सुमारास इराकमध्ये, झाग्रोस डोंगरातल्या शनिदार गुहेत राल्फ सोलेकी यांना आणखी एक निअँडरथल पुरुष सापडला. त्याच्या डोळ्याजवळ जुनी जबर जखम होती आणि उजवा हात सुकलेला, कोपराच्या खालचा भाग नाहीच. तरी त्या जखमा भरून आल्या होत्या आणि तो त्यानंतर कित्येक वर्षं जगला होता. शिकारीवर जगणाऱ्या टोळीत एका हाताचा, अधू डोळ्याचा माणूस एकटा कसा जगेल? कोणीतरी त्याच्या वाट्याचं ठेवत असणार. हे वाचलं आणि मला ती माणसं ओळखीची वाटू लागली.

मग प्रश्न आलाच. आफ्रिकेतून निघालेले आपले पूर्वज आशियात, युरोपात पोहोचले तेव्हा निअँडरथल तिथं आधीपासून राहत होते. पाच-सहा लाख वर्षांपूर्वी दोघांचे पूर्वज एक होते, नंतर वाटा वेगळ्या झाल्या होत्या. सुमारे ४० हजार वर्षांपूर्वी निअँडरथल संपले. पण त्याआधी ही दोन माणसं समोरासमोर आली तेव्हा फक्त दगडच पडले, की नदी ओलांडून कोणी गेलंही?

पहिलं उत्तर १९९७ मध्ये मिळालं आणि ते 'नाही' असं होतं. म्युनिकला स्वांते पाबो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८५६ च्या त्याच सांगाड्याच्या दंडाच्या हाडातून डीएनए मिळवला. पण सगळा नव्हे, फक्त मायटोकाँड्रियाचा. आपल्या पेशीत हे छोटे ऊर्जेचे कारखाने असतात आणि त्यांचा डीएनए वेगळा असतो. तो प्रत्येकाला आईकडूनच मिळतो, बापाकडून नाही. निअँडरथलचा हा डीएनए आजच्या कोणत्याही माणसाशी जुळला नाही. त्यामुळे बहुतेकांनी मानलं, की विषय संपला, मिसळ झालीच नाही.

इथं मी पुस्तक मिटून ठेवलं आणि घरातलंच उदाहरण घेतलं. मला दोन मुलगेच आहेत. माझ्या आईकडून मला, तिला तिच्या आईकडून, असा जो हा आईचा धागा हजारो वर्षं आला तो माझ्या मुलांत आहे, पण त्यांच्या मुलांत नसेल. नातवंडांना तो माझ्या सुनांकडून मिळेल. माझी ओळ तिथं तुटली. उद्या कोणी माझ्या नातवाचा फक्त तेवढाच धागा तपासला तर म्हणेल, ही बाई या घरात कधी आलीच नव्हती. आणि नातू तर माझ्या मांडीवर खेळलेला असेल!

एकच धागा पाहून नातं नाही म्हणणं किती कच्चं असतं, हे १३ वर्षांनी सिद्ध झालं. क्रोएशियातल्या विंडिया गुहेतल्या हाडांमधून त्याच पाबो यांच्या चमूनं पेशीकेंद्रातला डीएनए, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून येणारा मोठा वारसा वाचला. २०१० साली तो प्रसिद्ध झाला. आफ्रिकेबाहेरच्या आजच्या माणसांत १ ते ४ टक्के वारसा निअँडरथलांचा आहे, असं दिसलं. पुढं मोजणी नेटकी झाली आणि आकडा साधारण २ टक्क्यांवर आला. ज्यांनी आधी 'दिसत नाही' म्हटलं होतं, त्यांनीच 'आहे' हे दाखवलं. पाबो यांना २०२२ चं नोबेल मिळालं. मला त्या बक्षिसापेक्षाही त्यांनी स्वतःची वही पुन्हा उघडली, याचं जास्त वाटतं.

त्यानंतर नदी ओलांडलेल्यांची मुलंच सापडू लागली. रुमानियातल्या एका गुहेतल्या सुमारे ४० हजार वर्षांपूर्वीच्या माणसाचा जबडा २०१५ मध्ये तपासला. त्याच्यात निअँडरथलांचा वारसा ६ ते ९ टक्के निघाला. म्हणजे चार ते सहा पिढ्यांमागंच त्याच्या घरात एक निअँडरथल होता. आपल्या भाषेत सांगायचं तर खापरपणजोबा किंवा खापरपणजी. सैबेरियातल्या डेनिसोव्हा गुहेत तर याहून नवल. बोटाच्या पेराएवढा हाडाचा एक तुकडा. २०१८ मध्ये कळलं, की तो सुमारे ९० हजार वर्षांपूर्वीच्या एका मुलीचा आहे. तिची आई निअँडरथल आणि बाप डेनिसोव्हन, म्हणजे आणखी तिसऱ्याच कुळीचा माणूस. आई एका काठची, बाप दुसऱ्या काठचा, आणि ही त्यांची लेक. वयानं किमान तेरा वर्षांची.

तेरा वर्षं हा आकडा मला फार बोलका वाटतो. आई-बाप कसे एकत्र आले ते हाड सांगत नाही. प्रेमानं आले असतील, देवाणघेवाण असेल, पळवून आणलेलीही असेल. बायकांच्या बाबतीत इतिहास कसा वागतो हे ठाऊक असल्यामुळे मी त्याला उगीच गोड रंग देणार नाही. पण मूल आपोआप तेरा वर्षांचं होत नाही. त्याला पाजावं लागतं, थंडीत पांघरावं लागतं, ताप आला की उशाशी बसावं लागतं. आणि आपल्यात वारसा उतरला आहे तो अशाच मुलांमार्फत, जी मोठी झाली, ज्यांना जोडीदार मिळाले, ज्यांची मुलं पुन्हा वाढवली गेली. टोळीनं 'हे आपलं नव्हे' म्हणून टाकून दिलेलं मूल कोणाचा पूर्वज होत नाही. म्हणजे कोणीतरी, कुठंतरी, त्यांना आपल्या पंगतीला बसवलं होतं.

आणि हे एकदाच चुकून झालं असंही नाही. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जुन्या आणि आजच्या माणसांचे डीएनए ताडून पाहिले. आपल्या पूर्वजांची आणि निअँडरथलांची मुख्य मिसळ सुमारे ५० हजार ५०० ते ४३ हजार ५०० वर्षांपूर्वीच्या काळात होत राहिली, असं त्यातून निघालं. म्हणजे सुमारे सात हजार वर्षं! आपला सगळा लिहिलेला इतिहास याहून थोडका आहे.

आता कोणी म्हणेल, हे जर्मनीचं, सैबेरियाचं झालं; सौंसर-पांढुर्ण्याचा याच्याशी काय संबंध?

भारतात निअँडरथलाचं हाड आजवर सापडलेलं नाही. आपल्या मध्य प्रदेशातच, होशंगाबादजवळ नर्मदेकाठी हथनोरा इथं ५ डिसेंबर १९८२ रोजी भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांना एका प्राचीन मानवाच्या कवटीचा वरचा भाग मिळाला. तोच 'नर्मदा मानव'. त्याला आधी होमो इरेक्टसमध्ये घातलं, नंतर इतरांनी आपल्या जवळच्या जुन्या कुळीत. वाद अजून आहे. पण तो निअँडरथल नव्हे. निअँडरथलांचा वारसा आपल्याकडे आला तो चालत, माणसांच्या आत बसून. पश्चिम आशियाच्या बाजूला मिसळ झाली आणि त्या मिसळीची मुलं-नातवंडं पिढ्यानपिढ्या पूर्वेकडे सरकत इथवर आली.

२०२५ मध्ये प्रिया मूरजानी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात भारतातल्या २,७६२ लोकांचा पूर्ण जनुकसंच वाचला होता. वेगवेगळे प्रांत, वेगवेगळ्या भाषा, वेगवेगळे समाज. प्रत्येकात १ ते २ टक्के वारसा निअँडरथल आणि डेनिसोव्हनांकडचा होता. एकही जण सुटला नाही. पण सगळ्यांत तेच तुकडे नव्हते. माझ्यात एक, शेजारणीत दुसरा. जुनं लुगडं फाटलं की त्याचे तुकडे गावभरच्या गोधड्यांत जातात ना, तसं. या लोकांमधले असे सगळे तुकडे जुळवले तेव्हा त्या निअँडरथल पूर्वजांचा जवळजवळ अर्धा जनुकसंच परत उभा राहिला. एवढा कोणत्याच आधीच्या अभ्यासात मिळाला नव्हता. म्हणजे ज्यांचं एक हाड आपल्या भूमीत सापडलं नाही, त्यांचं अर्धं लुगडं आपल्या घरोघरच्या गोधड्यांत आहे.

या वारशाची एक बाजू आमच्या घरानं फार जवळून विचारली. २०२१ च्या उन्हाळ्यात, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आमच्या धाकट्या दिरांना नागपूरला नेलं. ते परत आले नाहीत. चाळीशीचा धडधाकट माणूस. जाऊबाई कितीतरी महिने एकच विचारायच्या, "यांनाच का?"

ह्यूगो झेबर्ग आणि पाबो यांनी २०२० मध्येच दाखवलं होतं, की तिसऱ्या गुणसूत्रावरचा एक तुकडा ज्यांच्याकडे असतो त्यांना हा आजार गंभीर होण्याचा धोका वाढतो, आणि तो तुकडा निअँडरथलांकडून आलेला आहे. युरोपात तो सुमारे १६ टक्के लोकांत, आणि दक्षिण आशियात जवळजवळ निम्म्या लोकांत. हे मी वाचलं आणि क्षणभर राग आला, की पन्नास हजार वर्षांपूर्वीच्या कुणाचं तरी देणं आमच्या दारी आलं. पण घाई करू नये. हैदराबादचे कुमारसामी थंगराज आणि बनारसचे ज्ञानेश्वर चौबे यांच्या चमूनं भारत आणि बांगलादेशाची आकडेवारी या तुकड्याच्या प्रमाणाशी ताडून पाहिली, तर इथं त्याचा तसा संबंध दिसला नाही. शिवाय २०२१ मध्ये झेबर्ग-पाबो यांनीच निअँडरथलांकडून आलेला दुसरा तुकडा दाखवला, बाराव्या गुणसूत्रावरचा. तो गंभीर आजाराचा धोका सुमारे २२ टक्क्यांनी कमी करतो. जाऊबाईंच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. ऑक्सिजन, वय, वेळ, किती गोष्टी होत्या. एवढंच म्हणते, की पूर्वज वारसा देताना निवडून देत नाहीत. डबा उघडला की तिखटही निघतं आणि गूळही.

गुळाचं एक उदाहरण बायकांनी तरी लक्षात ठेवावं असं आहे. गर्भ टिकायला लागणाऱ्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाचा एक ग्राहक असतो, आणि त्याचा एक प्रकार निअँडरथलांकडून आलेला आहे. युरोपात दर तीन बायकांमागं जवळजवळ एकीत तो आढळतो. ज्यांच्यात तो आहे त्यांच्यात गर्भपात कमी आणि मुलं थोडी जास्त, असं २०२० च्या अभ्यासात दिसलं. म्हणजे त्या हाडाचा जाड कंगोरा असलेल्या कपाळाच्या कुण्या आईनं दिलेलं काहीतरी आजही कुणाचं पोट राखतं आहे.

हे सगळं वाचताना एक गोष्ट मनाशी नीट ठेवली पाहिजे. निअँडरथल आणि आपण लाखो वर्षं वेगळे होतो, तरी एक झालो. आपले समाज आणि जाती मात्र किती वर्षं वेगळ्या? मूरजानी आणि थंगराज यांच्याच २०१३ च्या अभ्यासानं दाखवलं, की सुमारे ४,२०० ते १,९०० वर्षांपूर्वीपर्यंत या देशातले वेगवेगळे गट सर्रास मिसळत होते. त्यानंतर रोटी-बेटीचे बांध पडत गेले. म्हणजे गोत्र, पोटजात, कुणाची मुलगी कुणाला, हे आपण अनादि काळापासूनचं मानतो, ते त्या हिशेबात कालपरवाचं. मीही मुलांसाठी स्थळं पाहताना गोत्रं पाहिली आहेत, तेव्हा मी वेगळी असं म्हणत नाही. पण बापाकडून चालत येणारं गोत्रही एकच धागा आहे, जसा आईकडून येणारा मायटोकाँड्रिया. एका धाग्यावरून सगळं लुगडं ओळखता येत नाही.

गोटमारीनंतर चारच दिवसांनी आमचं दशलक्षण पर्व सुरू होतं आणि शेवटी क्षमावाणी येते. सगळ्यांना फोन करून वर्षभराच्या चुकांची क्षमा मागायची. यंदा मी आतेबहिणीचा नंबर शोधून काढला. ती नागपूरलाच असते. मी क्षमा मागितली तर ती हसून म्हणाली, "तू तेव्हा सात वर्षांची होतीस, तू काय केलंस?" मग थोडं थांबून म्हणाली, "आई सौंसरची भाषा बोलायची शेवटपर्यंत. बाबा चिडवायचे तिला."

दुसऱ्या दिवशी मी चुलतभावाला फोन केला. म्हटलं, प्रस्तावना तयार आहे, पण आत्याचं नाव येणार असेल तरच देईन. तो म्हणाला, "वहीत नाही ना पण."

मी म्हटलं, "वहीत नसू दे. तिची मुलं आहेत की."

तो गप्प झाला. दोन दिवस त्याचा फोन नाही. मला वाटलं, आता ही वंशावळ माझ्या प्रस्तावनेशिवायच छापली जाणार. तिसऱ्या दिवशी दुपारी मी भाजी निवडत होते तेव्हा त्याचा फोन आला. प्रस्तावनेचं काही बोलला नाही. एवढंच विचारलं, "आत्यांच्या यजमानांचं आडनाव काय लिहायचं?"

मला ठाऊक होतं. मी सांगितलं.